मास्तर, अंधारात धावू नका

या वेळचं पत्र यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून आलं आहे. जागेअभावी थोडं आटोपतं घेतलं आहे.

"ताई, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. 57 पूर्ण झाले, येत्या ऑक्टोबरात रिटायर होतो. शाळकरी वयापासून धावतो. नोकरी, सहा एकर शेती, दोन लेकरं, या सगळ्यांत धावणं काही सुटलं नाही. 42 व्या वर्षी नागपुरात हाफ मॅरेथॉन, म्हणजे 21 किलोमीटर, 1 तास 42 मिनिटांत केली, तोच माझा सगळ्यात चांगला टाइम. मागच्या डिसेंबरात तेवढ्याच अंतराला 2 तास 11 मिनिटं लागली. मुलगा पुण्याला आहे, तो फोनवर म्हणाला, 'बाबा, आता पुरे.' घरचे म्हणतात गुडघे जातील. गावात विचारतात, 'मास्तर, रिटायर व्हाले आले, आता कोणत्या भरतीत जाता?' पहाटे भरतीची पोरं रस्त्यावर असतात. ती बाजूनं सुसाट निघून गेली की लाज वाटते. म्हणून हल्ली मी साडेतीनला उठतो, चारलाच धावून घेतो आणि पोरं यायच्या आत घरी येतो. पदकं पेटीत घालून पेटी माळ्यावर टाकली. आमची आता फरदड सुरू झाली, ताई. एकच हौस राहिली आहे, एकदा पूर्ण मॅरेथॉन धावायची. धावावी, की मानानं थांबावं?"

मास्तर भाऊ,

धावा. पूर्ण मॅरेथॉन येत्या जानेवारीतच धावा. ती कशी, ते खाली सविस्तर लिहिते. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट टाइमची नाही, गुडघ्यांचीही नाही. ती पहाटे चारची आहे.

दारव्ह्याकडचे रस्ते मला माहीत आहेत. कापसाच्या दिवसांत जिनिंगला जाणारे ट्रॅक्टर रात्रभर चालू असतात आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रेडियमची पट्टीसुद्धा नसते. पावसाळ्यात मण्यार आणि घोणस रात्रीच बाहेर पडतात, डांबरावर ऊब असते म्हणून रस्त्यावर येतात. हरभऱ्याच्या वावरातून रानडुकरांचा कळप आडवा येतो तो याच वेळेला. फौजा सिंग यांचं नाव तुम्हाला माहीत असेल. 89 व्या वर्षी लंडनला पहिली मॅरेथॉन धावले आणि 2011 साली टोरांटोला, शंभर वर्षांचे म्हणून, पूर्ण मॅरेथॉन संपवली. त्यांना ना गुडघ्यांनी थांबवलं ना हृदयानं. जुलै 2025 मध्ये, जालंधरजवळच्या स्वतःच्या गावापाशी, हायवेवर एका गाडीनं उडवलं. मला ही बातमी फार दिवस सोडत नव्हती. तुमचं पत्र वाचताना पुन्हा तीच आठवली.

तेव्हा पहिली विनंती ही की तांबडं फुटल्यावरच घराबाहेर पडा. रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावा, म्हणजे समोरून येणारी गाडी तुम्हाला दिसते आणि तुम्ही तिला दिसता. चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, रस्त्याच्या कामावरचे मजूर घालतात ते. हिवाळ्यात धुकं असतं, तेव्हा ते घालाच.

आणि पोरं असतील तर असू द्या. त्यांची परीक्षा 1600 मीटरची आहे, त्यात सेकंदांवर गुण मिळतात. ती जीव तोडून पळतात कारण त्यांच्या घरचं सगळं त्यावर अडलेलं असतं. तुमच्या बाजूनं जोरात निघून गेलेल्या पोराच्या डोक्यात त्या क्षणी तुम्ही नसताच, त्याचं घड्याळ असतं. माझ्या गावचीही पोरं मी रोज पाहते. भरती झाली तरी आणि वय निघून गेलं तरी, बहुतेकांचं धावणं तिथंच सुटतं. चाळीस वर्षं धावत राहिलेला माणूस त्यांनी बघितलेलाच नसतो. तुम्ही उजेडात धावायला लागलात की महिनाभरात त्यांच्यातलं कुणीतरी तुम्हाला विचारेल, "सर, नळीचं हाड दुखते, काय करू?" त्याचं उत्तर तुम्हाला येतं. रोज पूर्ण जोरात पळू नको आणि घासलेले बूट बदल, एवढंच ते आहे, पण त्याला ते सांगायला कुणी नसतं.

गावातल्या बोलण्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही. मी लग्न होऊन या गावात आले आणि पंजाबी ड्रेस घालून पांदणीनं धावायला लागले, तेव्हा बायाबाप्यांनी काय काय म्हटलं ते तुम्ही कल्पनेनं ओळखाल. लोक एक-दोन वर्षं बोलतात. मग त्यांना सवय होते. मग एखाद्या दिवशी तुम्ही दिसला नाहीत तर घरी येऊन विचारतात, "बाई, बरं नाही का?"

आता टाइमचं. 1 तास 42 मिनिटांचे 2 तास 11 झाले, म्हणजे पंधरा वर्षांत एकोणतीस मिनिटं वाढली. यातलं काही वयाचं आहे आणि काही नाही, आणि हे दोन वेगळे करून बघायला हवं. वय वाढतं तसे हृदयाचे जास्तीत जास्त ठोके साधारण वर्षाला एक या हिशेबानं कमी होतात. कितीही सराव केला तरी हे थांबत नाही. स्नायू कमी होतात, एका जोराच्या दिवसानंतर शरीर पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो. म्हणूनच जगभर वयोगट केलेले असतात. अमेरिकेतली बोस्टन मॅरेथॉन 1897 पासून चालू आहे. तिथे प्रवेशासाठी आधी ठरावीक टाइम दाखवावा लागतो, आणि साठीच्या पुरुषाला विशीतल्या तरुणापेक्षा पाऊण तासाहून जास्त सवलत असते. ही दया म्हणून दिलेली नाही, शरीराचा हिशेब बघून दिलेली आहे. तुमच्या एकोणतीस मिनिटांपैकी, माझ्या अंदाजानं, निम्मी वयाच्या खात्यावर टाका.

उरलेली निम्मी मात्र सरावाची आहेत. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की गेली काही वर्षं रोज तेवढेच पाच किलोमीटर, त्याच चालीनं धावता. रविवारचं लांब धावणं शेतीच्या कामात बंद पडलं, चढावर धावणं बंद झालं. शरीर जेवढं मागाल तेवढंच ठेवतं. ही मिनिटं परत मिळू शकतात, सगळी नाही तरी काही. कॅनडात एड व्हिटलॉक नावाचे गृहस्थ होते. 2004 साली, वयाच्या 73 व्या वर्षी, टोरांटोला त्यांनी मॅरेथॉन 2 तास 54 मिनिटं 48 सेकंदांत संपवली. सराव कुठे, तर घराजवळच्या कबरस्तानातल्या वाटांवर, गोल गोल, तासन् तास, सावकाश. त्यांच्यासारखं शरीर आपल्याला मिळालेलं नाही. पण रोजच्या साध्या धावण्यावर म्हातारपणी किती उभं राहू शकतं, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

चांगला टाइम हा एकच टप्पा मानण्याची सवय आपल्याला स्पर्धा लावतात. मी अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकले, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात. 1914 साली सुरू झालेली संस्था, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथली मुलं जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली होती. तिथल्या मैदानावर सत्तरीचे गृहस्थ सकाळी बैठका मारताना मी रोज बघायची, आणि तेव्हा ते मला विशेष वाटायचं नाही. आता वाटतं. मी एक जाड रजिस्टर ठेवते, शाळेतल्या हजेरीचं असतं तसलं. त्यात स्पर्धांचे टाइम आहेत, पण मी उघडून बघते ते पान वेगळंच आहे. पन्नाशीच्या आत माझी पिशवी काढली. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी धावायला परवानगी दिली तेव्हा मी घरापासून पाण्याच्या टाकीपर्यंत चालले आणि बसले. मग काही आठवड्यांनी मारुतीच्या देवळापर्यंत. चालणं, थोडं धावणं, परत चालणं. नाल्याचा पूल घरापासून दीड किलोमीटरवर आहे. त्या पावसाळ्यात एका सकाळी मी पुलाच्या कठड्याला हात लावून वळले आणि दारापर्यंत परत आले, मध्ये कुठेही न थांबता. रजिस्टरात त्या तारखेपुढे निळ्या पेनानं तीन शब्द आहेत, "पुलापर्यंत, न थांबता". शेजारी टाइमच्या रकान्यात काही नाही, कारण घड्याळ घरी राहिलं होतं. माझ्या कुठल्याही स्पर्धेच्या टाइमपेक्षा ती ओळ मला मोठी आहे.

तुम्हीही एक वही करा आणि 58 व्या वर्षापासून नवीन पान सुरू करा. त्या पानावर 42 व्या वर्षाचा आकडा येऊच देऊ नका. 58 व्या वर्षाचा पहिला हाफ, पहिलं 25 किलोमीटर, पहिलं 30, हे सगळे नवे टप्पे आहेत, आधी कधी झालेले नाहीत. तुम्ही फरदड म्हणालात ते मला पटलं नाही. फरदड म्हणजे वेचून झालेल्या पऱ्हाटीला पाणी देऊन आणखी चार बोंडं काढणं. जे अंतर तुम्ही आयुष्यात कधी धावलेलाच नाहीत, त्याला फरदड कसं म्हणता? ही नवी पेरणी आहे, आणि पेरणीसारखीच तयारी करावी लागेल.

गुडघ्यांचं बोलते, कारण वहिनींची काळजी खोटी नाही. आपल्याकडे गुडघे दुखणारी माणसं घरोघरी आहेत, आणि धावण्यानं गुडघे झिजतात हे इतक्यांदा सांगितलं जातं की ते खरंच वाटायला लागतं. 2017 साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. खुबा आणि गुडघ्याच्या सांधेझिजेचं प्रमाण हौशी धावणाऱ्यांत साडेतीन टक्के, तर न धावणाऱ्या, बैठं आयुष्य जगणाऱ्यांत दहा टक्क्यांच्या आसपास आढळलं. अगदी वरच्या पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत ते आणखी जास्त होतं, तेरा टक्क्यांच्या पुढे. तुम्ही हौशीत बसता. मात्र गुडघ्याला सूज असेल, जिना उतरताना कळ येत असेल, जुनी दुखापत असेल, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. मांड्या मजबूत असल्या की गुडघ्यावरचा भार त्या उचलतात. आठवड्यातून दोनदा घराच्या ओट्यावर एक एक पाय टाकून चढ-उतार करा, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करा. बैठका तुम्हाला मी शिकवायला नको.

हृदयाच्या तपासणीत मात्र टाळाटाळ चालणार नाही. बीपी, शुगर, ईसीजी आणि जमल्यास स्ट्रेस टेस्ट, हे सगळं मेच्या सुट्टीत उरकून घ्या, यवतमाळला एका दिवसात होईल. धावताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, एकदम अंधारी आली तर त्याच जागी थांबायचं, "थोडं पुढे जाऊन बघू" करायचं नाही. आणखी एक, जे आपल्या विदर्भात सांगायलाच हवं. आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, बराच आहे. वाहक असलेला माणूस एरवी ठणठणीत असतो, त्याला आयुष्यभर पत्ताही नसतो. पण उन्हात, शरीरातलं पाणी कमी असताना, अगदी टोकाचे श्रम झाले तर वाहकालाही धोका होऊ शकतो. तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. तुमची झाली नसेल तर करून घ्या, आणि भरतीच्या पोरांनाही पाठवा. वाहक निघालात तरी धावणं बंद करायचं नाही. सावकाश सुरुवात, भरपूर पाणी, ऊन टाळणं, आणि डॉक्टरांना सांगून ठेवणं एवढं पुरतं.

हे रिपोर्ट आले की मुलाला पाठवा. त्याच्याशी वाद घालू नका. लेकरू दूर असलं की फोनवर त्याला एवढंच दिसतं की बाप एकटा रस्त्यावर आहे. धावायला निघताना फोन सोबत ठेवा, खिशात नाव, रक्तगट आणि घरचा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि हे करता म्हणून त्याला सांगा.

आता तयारी. तुमच्या हातात जवळजवळ एक वर्ष आहे, पण आपल्याकडे सगळं वर्ष सारखं नसतं. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत लांब धावण्याचं नाव काढू नका. पारा 45 च्या पुढे जातो त्या दिवसांत पहाटेसुद्धा भिंती तापलेल्या असतात. या महिन्यांत तासाभराच्या आतलं सावकाश धावणं, ओट्यावरचा व्यायाम आणि झोप, एवढंच. खरी सुरुवात मृगाचा पाऊस झाला की. पाऊस पडला की पांदण सोडून डांबरावर या, काळी माती बुटाला धरते आणि एकेक पाय किलोभर जड होतो. ऑगस्ट ते ऑक्टोबर फवारणीचे दिवस. 2017 साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. ज्या वावरात फवारा चालू आहे त्याच्या धुऱ्यावरून धावू नका, वाट बदला. आणि स्वतः फवारणी, डवरणी केली असेल तो दिवस आरामाचा धरू नका. शेतात राबलेला दिवस म्हणजे शरीराला व्यायामाचाच दिवस, दुसऱ्या दिवशी लांब धावायचं नाही.

आठवड्यातून एकच लांब धावणं ठेवा, रविवारी. पंधरा किलोमीटरपासून सुरू करा, दर आठवड्याला एक-दोन वाढवा, चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत 30-32 पर्यंत एक-दोनदा पोहोचलात की बस, त्याहून जास्त सरावात धावायची गरज नाही. शर्यतीआधीचे तीन आठवडे अंतर उतरवत आणा. लांब धावण्याची चाल अशी की शेजारी कुणी असेल तर पूर्ण वाक्य बोलता यावं. तुमच्या वयाला लांब धावण्यानंतर दोन दिवस हलकेच हवेत, आणि इथेच बहुतेक जण चुकतात, मंगळवारी पुन्हा जोर लावतात. मधल्या एखाद्या दिवशी चढ असलेला रस्ता निवडा. खाण्याचं विशेष काही नाही, ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, गूळ-शेंगदाणे चालतात. फक्त शर्यतीत जे खाणार तेच सरावात खाऊन बघा.

शर्यत म्हणून मी मुंबई सुचवेन. 2004 पासून जानेवारीत होते, रस्ते बंद असतात, पाण्याची सोय चांगली असते, आणि शेवटापर्यंत लोक दुतर्फा उभे असतात. आपल्यासारख्या आयुष्यभर एकट्यानं धावणाऱ्याला ते एकदा अनुभवायला हवं. अडचण हवेची आहे. आपण जानेवारीत कोरड्या थंडीत धावतो, घाम कधी आला ते कळतही नाही. मुंबईत सूर्य वर आला की घाम अंगावरून हलत नाही. म्हणून सुरुवातीपासून थोडं थोडं पाणी, आणि सोबत मीठ-साखर किंवा ओआरएस. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन माणूस पडू शकतो, हे कमी लोकांना माहीत असतं. परतीच्या वाटेवर, पाय संपलेले असताना, पेडर रोडचा चढ येतो. तो चालत चढा. त्यात कमीपणा काहीच नाही.

टाइम ठरवायचाच असेल तर किलोमीटरला सात मिनिटं धरा. 42.195 किलोमीटरला 4 तास 55 मिनिटं होतात, आणि 2 तास 11 मध्ये हाफ करणाऱ्याला हे झेपतं. पाच तास वीस लागले तरी ती तुमची पहिली पूर्ण मॅरेथॉनच असेल.

नोंदणी कितीतरी महिने आधी उघडते, पावसाळा लागला की लक्ष ठेवा. मुलगा पुण्याहून येईल, त्याला आताच तारीख सांगा. बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढाल तेव्हा वहिनींचंही काढा, आणि परतीची गाडी त्याच रात्रीची घेऊ नका. दुसऱ्या दिवशी स्टेशनचा जिना उतरताना तुम्हाला कुणाचा तरी खांदा लागेल.

तुमची,
ताई